ओएसआय आणि टीसीपी/आयपी मॉडेलची तुलना: पाठ करू नका, स्वतःच्या लॅपटॉपवर पॅकेट उघडून बघा

नेटवर्कचं काम थरांत, म्हणजे लेयरमध्ये, वाटून दाखवणारे दोन आराखडे आहेत, ओएसआयचे सात लेयर विरुद्ध टीसीपी/आयपीचे चार, हा प्रश्न डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटी सगळीकडे येतो, नेटवर्क सपोर्टच्या इंटरव्ह्यूला तर हमखास येतो, आणि बहुतेक जण काय करतात तर मधोमध रेघ मारून दोन रकाने आखतात, डावीकडे सात नावं, उजवीकडे चार नावं, खाली पाचसहा फरक, पाठ, संपलं. परीक्षेत मार्क मिळतात, पण नोकरीला लागल्यावर समोरचा म्हणतो "लेयर थ्रीला प्रॉब्लेम दिसतोय" तेव्हा नक्की कुठे बघायचं ते सुचत नाही. मला मनापासून वाटतं की ही तुलना पाठ करायची गोष्टच नाही, एक पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) हातात घेऊन त्याचे थर मोजले की दोन्ही मॉडेल आणि त्यांच्यातला फरक एकदमच कळतो आणि मग विसरायला होत नाही.

लागणार काय? लॅपटॉप, घरचं वायफाय, वायरशार्क हे पॅकेट पकडून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, आणि कागद-पेन. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर करणार असाल तर आधी तिथल्या ॲडमिनची परवानगी घ्या, कारण पॅकेट कॅप्चर करणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही. घरी स्वतःच्या मशीनवर काहीच अडचण नाही.

पायरी १: आधी कोण कुठून आलं ते समजून घ्या

इतिहास म्हटलं की लोक स्क्रोल करून पुढे जातात, पण इथे तसं करू नका, कारण पुस्तकातले जवळजवळ सगळे फरक या इतिहासातूनच निघतात.

१९७० च्या दशकात प्रत्येक कंपनीचं नेटवर्क वेगळं होतं. आयबीएमचं एसएनए, डिजिटलचं डेकनेट, एकाचं दुसऱ्याशी सरळ जुळायचं नाही, त्यामुळे एकदा एका कंपनीचं सामान घेतलं की गिऱ्हाईक तिथेच अडकायचं. यावर तोडगा म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्ये काम हातात घेतलं, चार्ल्स बाकमन त्या समितीचे अध्यक्ष होते, आणि आधी सगळ्यांना मान्य होईल असा आराखडा ठरवू, मग त्यात बसणारे प्रोटोकॉल (मशीननी एकमेकांशी बोलायचे नियम) बनवू असा त्यांचा मार्ग होता. तो आराखडा म्हणजे ओएसआय रेफरन्स मॉडेल, आयएसओ ७४९८ या नावाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं.

तिकडे अमेरिकेत अर्पानेटवाल्यांचा (अर्पानेट म्हणजे इंटरनेटच्या आधीचं संशोधनाचं नेटवर्क) मार्ग बरोब्बर उलटा होता. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये वेगवेगळी नेटवर्क जोडायची कल्पना पेपरमध्ये मांडली, आधी सगळं काम एकटं टीसीपीच करायचं, १९७८ च्या सुमाराला त्यातून आयपी (पॅकेट पत्त्यावर नेणारा भाग) वेगळं काढलं, १९८१ मध्ये दोन्हीचे आरएफसी आले (आरएफसी म्हणजे ज्यात इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहून ठेवतात ते दस्तऐवज), आणि १ जानेवारी १९८३ ला अख्खं अर्पानेट जुनं एनसीपी सोडून टीसीपी/आयपीवर आलं. आता गंमत बघा, आपण जे "टीसीपी/आयपीचे चार लेयर" म्हणतो ते नीट लिहून काढलेले सापडतात आरएफसी ११२२ मध्ये, आणि तो आहे ऑक्टोबर १९८९ चा. म्हणजे नेटवर्क सहा वर्षं धडाक्यात चालल्यावर! एकीकडे मॉडेल आधी आणि प्रोटोकॉल नंतर, दुसरीकडे प्रोटोकॉल आधी आणि मॉडेल नंतर, हा एक फरक डोक्यात पक्का बसला की बाकीचे फरक आपोआप सुचतात.

ओएसआय पाठीमागे सरकारं भक्कम उभी होती हेही लक्षात ठेवा. अमेरिकन सरकारने गॉसिप नावाचा नियम काढून ऑगस्ट १९९० पासून सरकारी खरेदीत ओएसआय सक्तीचं केलं होतं, १९९५ मध्ये ती सक्ती काढून टाकावी लागली. आपल्याकडेही याची सावली पडली होती. १९८६ मध्ये सुरू झालेलं अर्नेट, म्हणजे आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी अशा संस्थांना जोडणारं शिक्षण-संशोधनाचं नेटवर्क, त्याच्या लीज्ड लाइनवर सुरुवातीला टीसीपी/आयपी आणि ओएसआय दोन्ही स्टॅक (प्रोटोकॉलचे संच) चालवायचे, १९९५ नंतर मात्र जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवरच आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि ते अर्थातच टीसीपी/आयपीचं होतं.

का हरलं ओएसआय? माझ्या मते मुख्य कारण वेळ आणि तयार कोड. बर्कली युनिक्समध्ये टीसीपी/आयपी आयतं मिळत होतं, विद्यापीठं ते वापरत होती, आणि ओएसआयच्या समित्यांमध्ये तेव्हा नेटवर्क लेयर कनेक्शन बांधून चालावा की सुट्ट्या पॅकेटवर यावर वर्षानुवर्षं वाद चालले होते, शेवटी दोन्ही प्रकार मानकात घातले गेले आणि सगळं अजून जड झालं.

पायरी २: कागदावर लेयरची नावं नाही, प्रश्न लिहा

आता कागद घ्या. सात आडव्या पट्ट्या आखा, खालून वर नंबर द्या, आणि प्रत्येक पट्टीत नावासोबत तो लेयर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो ते लिहा.

१, फिजिकल: बिट तारेतून, फायबरमधून किंवा हवेतून सिग्नल म्हणून कसा जातो?
२, डेटा लिंक: एकाच लिंकवरच्या शेजारच्या मशीनपर्यंत फ्रेम धड पोचली का?
३, नेटवर्क: मधे पाचपन्नास वेगळी नेटवर्क असली तरी पॅकेट त्या टोकाच्या मशीनपर्यंत कुठल्या वाटेने जाईल?
४, ट्रान्सपोर्ट: त्या मशीनवरच्या नेमक्या कुठल्या प्रोग्रामला द्यायचं, आणि हरवलं तर परत पाठवायचं का?
५, सेशन: बोलणं कधी सुरू, कधी बंद, आत्ता पाळी कोणाची, मधेच तुटलं तर कुठून पुढे चालू करायचं?
६, प्रेझेंटेशन: इकडे जे बाइट पाठवले त्यांचा अर्थ तिकडे तोच लागेल का?
७, ॲप्लिकेशन: शेवटी काम काय आहे, पान मागायचं, मेल पाठवायचं, नाव शोधायचं?

आता उजवीकडे आरएफसी ११२२ चे चार लेयर आखा: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, ॲप्लिकेशन. इंटरनेट हा ओएसआयच्या ३ समोर, ट्रान्सपोर्ट ४ समोर, आणि ॲप्लिकेशन ही एक उंच पट्टी ५, ६, ७ तिन्हीच्या समोर. लिंक कुठे? बहुतेक पुस्तकं ते १ आणि २ दोन्हीसमोर दाखवतात, पण आरएफसी केबल, व्होल्टेज, कनेक्टर याबद्दल काहीच ठरवत नाही, खालचं नेटवर्क कुठलंही असो आमचं पॅकेट ते नेईल एवढंच त्याला हवंय. म्हणून मी लिंकची पट्टी २ समोर गडद आणि १ समोर फिकट काढायला सांगेन. काही पुस्तकांत पाच लेयरचं मॉडेल असतं, फिजिकल वेगळं काढून, ते शिकवायला सोयीचं मिश्रण आहे, कुठल्या मानकातलं नाही. "नेटवर्क ॲक्सेस" हे नाव दिसलं तर ते लिंकचंच दुसरं नाव समजा.

ओएसआयचं एक मोठं देणं इथे सांगायलाच हवं कारण परीक्षेत लोक ते एका ओळीत उरकतात. सर्व्हिस, इंटरफेस आणि प्रोटोकॉल या तीन गोष्टी ओएसआयने स्पष्ट वेगळ्या केल्या. खालचा लेयर वरच्यासाठी काय करतो ती सर्व्हिस, वरच्याने ती कशी मागायची तो इंटरफेस, आणि समोरच्या मशीनवरच्या त्याच लेयरशी बोलायचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. हे वेगळं ठेवलं म्हणून तुम्ही केबल काढून वायफायवर आलात तरी ब्राउझर बदलावा लागत नाही. टीसीपी/आयपीमध्येही हे घडतं, पण मॉडेल म्हणून इतकं साफ मांडलेलं सुरुवातीला नव्हतं.

पायरी ३: पॅकेट पकडा आणि थर मोजा

वायरशार्क इन्स्टॉल करा (विंडोजवर सोबत एनपीकॅप विचारेल, हो म्हणा). उघडल्यावर इंटरफेसची यादी येते, ज्याच्यापुढे रेघ वरखाली हलतेय तो तुमचा चालू इंटरफेस, बहुतेक वायफाय, त्यावर डबल क्लिक. पॅकेटचा पूर सुरू होईल, घाबरू नका. आता टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) ही कमांड देऊन एखाद्या साइटचं नाव शोधा, उत्तर आलं की वायरशार्कचं लाल चौकोनी बटण दाबून थांबवा, आणि वरच्या फिल्टरच्या पट्टीत लहान लिपीत डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची) तीन इंग्रजी अक्षरं टाकून एंटर करा. ब्राउझरऐवजी एनएसलुकअप का, तर हल्लीचे ब्राउझर कधी कधी डीएनएसची विचारणा एन्क्रिप्ट करून पाठवतात, मग ती या फिल्टरमध्ये दिसतच नाही.

एका पॅकेटवर क्लिक करा आणि खालच्या खिडकीतल्या ओळी वाचा. पहिली ओळ फ्रेम, यात फक्त वायरशार्कने स्वतः नोंदवलेली माहिती असते, किती वाजता पकडलं, किती बाइट वगैरे, हा प्रोटोकॉल नाही, बरेच जण याला फिजिकल लेयर समजून मोजतात ते चूक. दुसरी इथरनेट टू, तुमच्या पट्टीतली २. तिसरी आयपीव्ही४ (तुमच्याकडे आयपीव्ही६ दिसेल, चालेल, जागा तीच), म्हणजे ३. चौथी यूडीपी (टीसीपीचा हलका भाऊ, हरवलेलं परत पाठवत नाही), ४. पाचवी डीएनएस. संपलं.

५ आणि ६ कुठे गेले? नाहीयेत. त्यांचं वेगळं हेडरच (लेयरने डेटाच्या पुढे लावलेली माहिती) नाही. तुमच्या कागदावर उजवीकडे ॲप्लिकेशनची उंच पट्टी का काढली त्याचा पुरावा हा. सेशन आणि प्रेझेंटेशनचं काम गायब झालेलं नाही, ते ज्या त्या ॲप्लिकेशनने स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये आत घेतलंय, डीएनएसने प्रत्येक प्रश्नाला एक ओळख नंबर दिलाय आणि उत्तरात तोच नंबर परत येतो, बघा त्या ओळीत.

वायफायवर असून इथरनेट कसं दिसतं असा प्रश्न पडला असेल तर बरोबर पडलाय. वायफायची फ्रेम खरं तर वेगळ्या बांधणीची असते, ड्रायव्हर ती उलगडून इथरनेटच्या रूपात वर देतो आणि वायरशार्कला तेच मिळतं.

आता टीसीपी बघू. कॅप्चर पुन्हा चालू करा, ब्राउझरमध्ये एचटीटीपीवरच चालणारी एखादी साइट उघडा (नेव्हर एसएसएल डॉट कॉम याच कामासाठी आहे), थांबवा, आणि फिल्टरमध्ये टीसीपी पोर्ट ८० चा फिल्टर (tcp.port == 80) टाका. सुरुवातीला कनेक्शन बांधणारी सिन, सिन-ॲक, ॲक ही तीन पॅकेट दिसतील. यातल्या पहिल्यावर क्लिक करून दोन गोष्टी कागदावर उतरवा: डेस्टिनेशन मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) आणि डेस्टिनेशन आयपी ॲड्रेस. आयपी त्या दूरच्या सर्व्हरचा आहे, पण मॅक? तो तुमच्या घरच्या राउटरचा आहे. खात्री करायची तर एआरपीची (आयपीवरून मॅक शोधणारा प्रोटोकॉल) यादी arp -a या कमांडने काढून राउटरच्या आयपीपुढचा मॅक ताडून बघा. लेयर २ आणि लेयर ३ यांच्यातला फरक मला तरी याहून स्वच्छ दाखवता येत नाही: मॅक फक्त पुढच्या टप्प्यापुरता असतो आणि प्रत्येक राउटरवर बदलतो, आयपी शेवटच्या मुक्कामाचा असतो. घरच्या राउटरवर नॅट (घरातला आयपी बदलून बाहेरचा लावणं) असल्यामुळे पाठवणाऱ्याचा आयपी मात्र बाहेर पडताना बदलतो, त्याबद्दल पुढे बोलू.

पायरी ४: हेडरचे बाइट मोजा, इथे खरा उपयोग कळतो

प्रत्येक लेयर आपलं हेडर लावतो हे सगळे सांगतात, ते किती मोठं असतं ते मोजून बघा. इथरनेटचं हेडर १४ बाइट, शेवटी तपासणीचे ४ बाइट (हे वायरशार्कमध्ये बहुधा दिसत नाहीत, नेटवर्क कार्ड आधीच काढून टाकतं), आयपीव्ही४ चं किमान २०, टीसीपीचं किमान २०, यूडीपीचं फक्त ८, आयपीव्ही६ चं ४०. इथरनेटच्या आत जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात, याला एमटीयू म्हणतात. १५०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० गेले की उरतात १४६०, एवढाच तुमचा खरा डेटा. सिन पॅकेटच्या ऑप्शन्समध्ये एमएसएस (एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) १४६० असं लिहिलेलं सापडेल, ते हेच.

वायरशार्कमध्ये आलेलं भरलेलं पॅकेट १५१४ बाइटचं दिसेल, १४ अधिक १५००. लिनक्स किंवा ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर असाल तर डेटा १४४८ निघेल, कारण टीसीपीच्या टाइमस्टॅम्प ऑप्शनला १२ बाइट जातात. आणि तुम्ही पाठवलेलं पॅकेट पाचसहा हजार बाइटचं दिसलं तर गोंधळू नका, तुकडे करायचं काम नेटवर्क कार्डकडे सोपवलेलं असतं आणि वायरशार्क त्याच्या आधीच पॅकेट बघतं, बाहेर जाताना ते १५०० चेच होतात. चेकसम (डेटा तपासायचा आकडा) चुकीचा दाखवला तरी कारण तेच.

आता हा हिशेब कामाला लावू. तारेवर प्रत्येक फ्रेमच्या आधी ८ बाइटचा प्रीअँबल आणि नंतर १२ बाइटएवढी मोकळी जागा जाते, म्हणजे १४६० बाइट डेटासाठी तारेवर जागा लागते १५३८ बाइटची. भागाकार करा, साधारण ९४.९ टक्के. म्हणून १०० एमबीपीएसच्या लिंकवर स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४-९५ च्या वर जात नाही, आणि म्हणूनच तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा असून केबल लावल्यावर स्पीड बरोब्बर ९४ च्या आसपास अडकत असेल तर लेयर १ कडे बघा. राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट १०० चा आहे, किंवा केबलमधल्या चारपैकी एखादी जोडी तुटलीय आणि लिंक गिगाबिटवरून १०० वर उतरलीय. कंपनीला फोन करण्याआधी केबल बदलून बघा.

पायरी ५: जिथे तुलना जुळत नाही त्या जागा मुद्दाम शोधा

इथपर्यंत सगळं छान जुळलं, आता जिथे जुळत नाही तिथे खरी समज येते, त्यामुळे या पायरीला घाई करू नका.

एआरपी घ्या. फिल्टरमध्ये टाकून बघा, एआरपीचं पॅकेट थेट इथरनेट फ्रेममध्ये बसतं, मधे आयपी हेडरच नाही, म्हणजे बसलंय लेयर २ वर, पण काम करतं लेयर ३ च्या पत्त्यावरून लेयर २ चा पत्ता शोधायचं. मग लेयर कुठला? आयपीव्ही६ मध्ये हेच काम नेबर डिस्कव्हरी करते आणि ती आयसीएमपीव्ही६ च्या आत, म्हणजे आयपीच्या वर बसते! काम तेच, जागा वेगळी. इंटरव्ह्यूला विचारलं तर "दोन आणि तीनच्या सांध्यावर" हे उत्तर द्या आणि कारण सांगा, नुसता नंबर फेकू नका.

आयसीएमपी, म्हणजे पिंग ज्यावर चालतं ते, आयपीच्या आत बसतं, त्याचा प्रोटोकॉल नंबर १ आहे, तसा टीसीपीचा ६ आणि यूडीपीचा १७. बसण्याच्या जागेवरून ते लेयर ४ वाटेल, पण त्याला पोर्ट नंबर नसतो आणि आरएफसी ७९२ त्याला आयपीचाच भाग मानतो, म्हणून लेयर ३.

टीएलएसवरून (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) तर लोक तासन्‌तास भांडतात. पुस्तकं एन्क्रिप्शन म्हणजे प्रेझेंटेशन म्हणून ६ लिहितात, सेशन पुन्हा चालू करायची सोय आहे म्हणून कोणी ५ म्हणतं, आणि नावातच ट्रान्सपोर्ट आहे. एचटीटीपीएसचं पॅकेट उघडा, टीसीपीच्या वर टीएलएसची वेगळी ओळ दिसेल. मी तरी असं सांगेन: टीसीपी/आयपीच्या हिशेबात ते ॲप्लिकेशनच्या पट्टीत, ट्रान्सपोर्टच्या लगेच वर, आणि ओएसआयच्या हिशेबात ५ आणि ६ चं काम एकत्र करणारं. क्विक आल्यावर तर हे अजून गुंतलंय. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून आलेलं क्विक यूडीपीवर बसतं, हरवलेलं परत पाठवायचं काम स्वतः करतं, एका कनेक्शनमध्ये अनेक प्रवाह चालवतं आणि टीएलएस १.३ पोटातच घेऊन येतं, एचटीटीपी/३ याच्यावरच चालतं. एकाच प्रोटोकॉलमध्ये ४, ५ आणि ६ चं काम. तुमच्या लॅपटॉपवर यूडीपी पोर्ट ४४३ चं फिल्टर लावून यूट्यूब उघडा, बहुतेक दिसेलच.

प्रेझेंटेशन लेयर निरुपयोगी आहे असं मात्र कोणी म्हटलं तर मला ते पटत नाही, मराठी वाचणाऱ्याला तर मुळीच पटू नये. युनिकोड रुळण्याआधी बऱ्याच मराठी साइट स्वतःचा फॉन्ट वापरायच्या, तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. बिट आले, फ्रेम धड, आयपी बरोबर, टीसीपीने एक बाइट हरवला नाही, एचटीटीपीने २०० ओके दिलं, आणि तरी वाचता येत नाही. हा अस्सल लेयर ६ चा प्रॉब्लेम. आज यूटीएफ-८ मध्ये "मराठी" हा शब्द १५ बाइटचा होतो, पाच चिन्हं प्रत्येकी तीन बाइट, आणि सर्व्हर हेडरमध्ये सांगतो की हे यूटीएफ-८ आहे. वेगळं हेडर नसलं तरी प्रश्न तिथेच आहे आणि कोणीतरी त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

नॅट थोडक्यात: तुमचा राउटर हे लेयर ३ चं यंत्र, पण नॅट करताना तो लेयर ४ चा पोर्ट नंबरही बदलतो. दोन्ही मॉडेलच्या शिस्तीत हे बसत नाही आणि तरी घरोघरी चालतं. एमपीएलएस (पॅकेटला लेबल लावून पुढे नेण्याची पद्धत) २ आणि ३ च्या मधे येतं म्हणून लोक त्याला सरळ अडीच म्हणतात.

पायरी ६: बिघाड शोधताना दोन्ही मॉडेल सोबत वापरा

कामाच्या ठिकाणी लोक बोलतात ओएसआयच्या नंबरात, आणि तपासतात टीसीपी/आयपीचे प्रोटोकॉल. लेयर २ स्विच, लेयर ३ स्विच, लेयर ७ लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा), हे सगळे नंबर ओएसआयचे आहेत. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर ७ वर आणि नेटवर्क लोड बॅलन्सर ४ वर चालतो असंच सांगतात, टीसीपी/आयपीच्या हिशेबाने "लेयर ७" नावाची गोष्टच नाही तरी.

तर "नेट चालत नाही" अशी तक्रार आली की खालून वर जा. पोर्टचा दिवा लागतोय का, वायफाय जोडलंय का, हे १ आणि २. मग आयपी ॲड्रेस बघा, १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, इथेच थांबून डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता वाटणारा प्रोटोकॉल) बघा. पत्ता ठीक असेल तर राउटरच्या आयपीला पिंग करा, मग बाहेर ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) ला. राउटरला जातंय आणि बाहेर जात नाही तर प्रॉब्लेम राउटरच्या पलीकडे किंवा राउटिंगमध्ये. बाहेर पिंग जातंय पण साइट उघडत नाही तर एनएसलुकअप, नाव सापडत नसेल तर डीएनएस, म्हणजे ७. नाव सापडतंय पण कनेक्शन होत नाही तर सर्व्हरच्या ४४३ पोर्टवर कनेक्ट होतंय का तपासा, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन आहे, कनेक्ट होत नसेल तर ४ वर फायरवॉल आडवं आलंय का बघा.

वेळ कमी असेल तर मधूनच सुरू करा: ८.८.८.८ ला पिंग गेलं की १, २, ३ एका झटक्यात पास. पण दोन गोष्टी विसरू नका. पिंग अडवलेलं असू शकतं, त्यामुळे पिंग नाही म्हणजे सर्व्हर बंद असं धरू नका. आणि पिंग जातं म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, कारण ते पॅकेट छोटं असतं. काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात, मेसेज जातो पण फोटो जात नाही, असं दिसलं की एमटीयूचा संशय घ्या. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडमध्ये पीपीपीओई (लॉगिन करून जोडणारा प्रोटोकॉल) असतं, ते ८ बाइट खातं, म्हणजे एमटीयू १५०० चं १४९२ होतं. विंडोजवर पिंगला तुकडे न करण्याचा एफ पर्याय आणि आकाराचा एल पर्याय देऊन १४७२ टाकून बघा (१४७२ अधिक आयसीएमपीचे ८ अधिक आयपीचे २०, एकूण १५००), ते अडलं आणि १४६४ गेलं तर संशय खरा.

पायरी ७: उत्तर लिहायची वेळ आली तर

दहा मार्कांना किंवा इंटरव्ह्यूला, सुरुवात लेयरच्या नावांनी करू नका. आधी कोणतं मॉडेल आधी आणि कोणते प्रोटोकॉल आधी ते १९८४ आणि १९८९ या वर्षांसकट सांगा, मग कागदावरची दोन पट्ट्यांची आकृती काढा, मग सर्व्हिस-इंटरफेस-प्रोटोकॉलचा मुद्दा, मग कनेक्शनचा: टीसीपी/आयपीत नेटवर्कला फक्त सुटी पॅकेट आणि निवड ट्रान्सपोर्टला, टीसीपी घ्या नाहीतर यूडीपी, मूळ ओएसआयमध्ये दोन्ही प्रकार नेटवर्कला आणि ट्रान्सपोर्ट कनेक्शन बांधूनच. शेवटी तुम्ही स्वतः उघडलेल्या डीएनएस पॅकेटचे थर लिहा, हे उत्तर इतरांपेक्षा लगेच वेगळं दिसतं.

"ओएसआय फक्त पुस्तकात राहिलं" हे वाक्य लिहू नका. मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या आत राउटिंगसाठी चालणारा आयएस-आयएस हा ओएसआयच्या घरातलाच प्रोटोकॉल आहे आणि तो आजही आयपीच्या आत न बसता थेट लेयर २ वर जातो. ऑफिसात लॉगिनसाठी वापरतात ते एलडॅप, एक्स.५०० या ओएसआयच्या काळातल्या डिरेक्टरी मानकाची हलकी आवृत्ती म्हणून जन्मलं, आणि ब्राउझरमधल्या कुलपामागचं सर्टिफिकेट एक्स.५०९ चं असतं, तेही त्याच एक्स.५०० च्या कुटुंबातलं.

एवढं झाल्यावर एक कॅप्चर अजून करा आणि ते स्वतः दोन्ही मॉडेलमध्ये बसवा. विंडोजवर आयपीकॉन्फिगने पत्ता रिलीज करून पुन्हा रिन्यू करा (दूरच्या मशीनवर रिमोटने करू नका, कनेक्शन तुटेल) आणि डीएचसीपीचा फिल्टर लावा. आधी रिलीजचं पॅकेट दिसलं तर ते सोडा, मग डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक अशी चार पॅकेट सापडतील, पोर्ट ६७ आणि ६८, यूडीपीवर, म्हणजे ॲप्लिकेशन लेयरचा प्रोटोकॉल. पण डिस्कव्हर पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी ०.०.०.० आहे, कारण अजून पत्ताच मिळालेला नाही, आणि लेयर ३ ला पत्ता मिळवून द्यायचं कामच हा लेयर ७ चा प्रोटोकॉल करतोय. चारही पॅकेटचे मॅक, आयपी आणि पोर्ट कागदावर उतरवा, आणि कुठलं कोणाला उद्देशून आहे ते एकेक करून लावा.